‘आगंतुकांचे हार्दिक स्वागत’: फोंतेन्यांसमधील एका मराठी वारसाफेरीविषयी

पणजीच्या फोंतेन्यांस या जुन्या वस्तीतून मराठीत माहिती सांगत नेणारी वारसाफेरी निघते असे कळले, तेव्हाच ती एकदा करायची असे मी ठरवून टाकले होते. या वस्तीत अशा दोन फेऱ्या मी यापूर्वी केल्या होत्या आणि दोन्ही इंग्रजीतून झाल्या होत्या, त्यामुळे आपल्या भाषेत हे सारे कसे सांगितले जाते याचे कुतूहल होते. दिवाळीनंतर पुण्याहून माझा आतेभाऊ आणि वहिनी आले आणि त्या निमित्ताने आम्ही तिघांनी नावे नोंदवली. माणशी ६०० रुपये, सकाळी ८.३० ते १०.३० अशी दोन तासांची वेळ, जमण्याचे ठिकाण पाटो पुलाजवळचे टपाल कार्यालय. आयोजकांचे नाव मी येथे देत नाही, कारण पुढे जे लिहिणार आहे त्यातले बरेचसे एकट्या त्यांनाच लागू पडते असे नाही.

फेरी सुरू होण्यापूर्वी प्रत्येकाच्या हाती एक घडीपत्रक देण्यात आले. कागद चांगला होता, नकाशा सुबक होता आणि शुद्धलेखनाच्या चुका आजकालच्या मानाने कमी होत्या. मात्र पहिल्याच पानावर ठळक अक्षरांत पुढील ओळ होती: ‘फोंतेन्यांसमध्ये आगंतुकांचे हार्दिक स्वागत!’ एका मराठी दैनिकात मी ३२ वर्षे मुद्रितशोधनाचे काम केले आहे आणि निवृत्त झाल्यावरही माझ्या खिशात लाल पेन असते. ते बाहेर काढण्याचा मोह मी आवरला, पण पुढचे दोन तास ती ओळ काही डोक्यातून गेली नाही.

चूक कोठून आली ते उघड आहे. हिंदीत आगंतुक म्हणजे नुसता आलेला, भेटीला आलेला माणूस. कार्यालयाच्या दारात ठेवलेल्या भेटवहीला हिंदीत ‘आगंतुक पुस्तिका’ म्हणतात आणि त्यात कोणालाही वावगे वाटत नाही. संस्कृतातही या शब्दाच्या अंगी मुळात दोष नाही. ‘आ’ आणि ‘गम्’ यांपासून तो झाला, म्हणजे येणारा, बाहेरून येऊन मिळणारा, एवढाच त्याचा अर्थ. मराठीने मात्र तो शब्द उचलला आणि त्याच्याकडे कपाळाला आठ्या घालून पाहिले. मराठीतला आगंतुक न बोलावता येतो, पाने वाढून झाल्यावर नेमका दारात उभा राहतो, आणि त्याला ‘या, बसा’ म्हणताना घरातली बाई आत जाऊन भात पुरेल की नाही ते पाहून येते. चार माणसे बोलत असताना ज्याला कोणी विचारलेले नाही तो मध्येच बोलला, तर त्याचे ते बोलणेही आगंतुकपणाचेच ठरते. बोलताना पुष्कळ लोक ‘अगांतुक’ म्हणतात आणि लिहिणारेही तसेच लिहितात. नोकरीत असताना हा शब्द मी इतक्या वेळा दुरुस्त केला की शेवटी त्या चुकीमागचे कारण मला पटू लागले. आरंभीच्या ‘अ’मुळे शब्दात एक नकार उभा राहतो, आणि बोलणाऱ्याला तो नकारच हवा असतो.

तेव्हा मराठीत ‘आगंतुकांचे स्वागत’ हा वदतोव्याघात झाला. तेथे ‘अभ्यागत’ चालले असते, ‘पाहुणे’ तर उत्तमच. ‘अतिथी’ मी सुचवणार नाही, कारण पर्यटनाच्या जाहिरातींनी तैत्तिरीय उपनिषदातले ते वचन इतके घासले आहे की आता त्यातून फक्त हॉटेलचा वास येतो. शिवाय स्मृतीतल्या व्याख्येप्रमाणे एकच रात्र राहतो तो अतिथी. आठवडाभराचे आरक्षण केलेल्याला ती लागू पडायची नाही.

आता फेरीविषयी. मार्गदर्शक तरुणी डिचोलीकडची होती, तिचे मराठी स्वच्छ होते आणि आवाज शेवटच्या माणसापर्यंत पोहोचत होता. टपाल कार्यालयाची इमारत एके काळी तंबाखूच्या व्यापाराची होती आणि शेजारीच टांकसाळ होती, येथून तिने सुरुवात केली. आल्तिन्होच्या टेकडीच्या पायथ्याशी असलेला झरा, त्याच्यामुळे वस्तीला पडलेले नाव, मोझांबिकमध्ये पैसा मिळवून परतलेला आणि म्हणून लोकांनी ‘मोसमीकार’ म्हटलेला जमीनदार, त्याची नारळाची बागाईत, पुढे राजधानी जुन्या गोव्यातून हलल्यावर आणि १८४३ मध्ये पणजीला तो दर्जा रीतसर मिळाल्यावर येथे वाढत गेलेली घरे, हे सारे तिने गोष्टीच्या ओघात सांगितले. सन सांगितला की तो थांबून पुन्हा सांगायची तिची सवय मला विशेष आवडली. आमच्यातले दोघे वहीत टिपून घेत होते.

सेंट सेबास्टियनच्या चॅपेलपाशी तिने सर्वांत जास्त वेळ घेतला आणि तो सार्थकी लागला. चॅपेल १८१८ चे. आतला क्रूस पूर्वी जुन्या गोव्यात इन्क्विझिशनच्या, म्हणजे पोर्तुगीजांच्या धर्मन्यायालयाच्या, वाड्यात होता. १८१२ मध्ये इन्क्विझिशन बंद झाल्यावर तो पणजीच्या आदिलशाही वाड्यात आला आणि १९१८ मध्ये या चॅपेलमध्ये. त्यावरच्या ख्रिस्ताचे डोळे उघडे आहेत. चौकशीला आणलेल्या माणसाला त्या नजरेची जरब बसावी म्हणून ते तसे ठेवले, अशी सांगी आहे. हे सांगताना तिने ‘अशी सांगी आहे’ हे शब्द गाळले नाहीत, याचे श्रेय तिला दिले पाहिजे. आत मिस्सा, म्हणजे ख्रिस्ती सामुदायिक प्रार्थना, चालू होती म्हणून तिने आम्हाला उंबरठ्याबाहेरच थांबवले. वहिनींना जरा वाईट वाटले, पण तिचे ते करणे अगदी योग्य होते.

माहितीतल्या दोन चुका येथेच नोंदवून टाकतो. फोंतेन्यांस हे युनेस्कोच्या जागतिक वारशात आहे असे तिने सांगितले. १९८६ मध्ये त्या यादीत गेली ती जुन्या गोव्यातली चर्च आणि मठ. दुसरे, ‘रुआ त्रिंता इ उम द जानैरु’, म्हणजे ३१ जानेवारी रस्ता, हे नाव पोर्तुगाल स्पेनपासून स्वतंत्र झाला त्या दिवसाचे असल्याचे ती म्हणाली. ती घटना १ डिसेंबर १६४० ची आहे. ३१ जानेवारी हा १८९१ साली पोर्तू शहरात झालेल्या प्रजासत्ताकवाद्यांच्या उठावाचा दिवस, आणि पोर्तुगालमधल्या अनेक गावांत त्या उठावाच्या स्मरणार्थ हेच रस्त्याचे नाव आढळते. या चुका तिच्या एकटीच्या नाहीत. सगळीकडे तसेच छापलेले असते.

खरी अडचण त्यानंतर उद्भवली. एका पिवळ्या घरासमोर उभी राहून ती बल्कांव म्हणजे काय ते सांगत होती. ज्यांना हा शब्द परिचयाचा नाही त्यांच्यासाठी: गोव्यातल्या जुन्या घराच्या दर्शनी दारापुढे तीनचार पायऱ्यांवर छप्पर असलेली एक मोकळी जागा असते, तिच्या दोन्ही बाजूंना चुन्याने गिलावा केलेली पक्की आसने असतात, आणि त्या आसनांना सोपो म्हणतात. (कोल्हापूरकडचा सोपा म्हणजे घराचा पुढचा भागच, आणि गोव्यातल्या बाजारात सोपो हा नगरपालिका विक्रेत्यांकडून घेते तो कर. या तिघांचे नाते काय, यावर कोणी जाणकाराने लिहावे.) संध्याकाळी येथे बसायचे, रस्त्याने जाणाऱ्याशी चार शब्द बोलायचे, उन्हे उतरली की आत जायचे. तिचे सांगणे चालू असतानाच आमच्या चौदा जणांतले दोघे पायऱ्या चढून सोपोवर जाऊन बसले, तिसरा त्यांचे छायाचित्र काढू लागला आणि चौथ्या गृहस्थांनी शिंपल्यांच्या तावदानांची ती खिडकी किलकिली होती ती बोटाने आणखी उघडून आत भ्रमणध्वनी धरला.

दार उघडले. सत्तरीच्या एक बाई उभ्या होत्या, हातात सूप होते. ‘कोण जाय?’ त्यांनी विचारले, म्हणजे कोण हवे आहे. गोव्यात दारात आलेल्या अनोळखी माणसाला हा नेहमीचा प्रश्न आहे आणि त्यात राग नसतो. फक्त आमच्यापैकी कोणाकडेच त्याचे उत्तर नव्हते. वहिनी संकोचून म्हणाल्या, ‘काही नाही हो काकू, घर फार सुंदर आहे तुमचे.’ बाईंनी आम्हा सर्वांवरून एकदा नजर फिरवली, ‘हांव हांगा रावतां,’ एवढेच म्हणाल्या आणि दार लावून घेतले. मी येथे राहते. पुणेकरांना ते भाषांतर करून सांगावे लागले नाही.

मार्गदर्शक तरुणी ओशाळली, तिने बंद दारापाशीच कोकणीतून माफी मागितली आणि आम्हाला पुढे नेले. पण माझ्या मनात घडीपत्रकातली ती ओळ आता निराळ्या तऱ्हेने वाचली जाऊ लागली. भाषांतरकाराने चुकून का होईना, आम्हाला नेमके नाव दिले होते.

पुढे चहाला थांबलो तेव्हा आतेभावाशी यावरूनच वाद झाला. त्याचे म्हणणे असे की, यात घुसखोरी कसली; कुंपण नव्हते, फाटक नव्हते, पायऱ्या रस्त्यावरच उतरतात. मी त्याला म्हटले की घुसखोरी हा शब्द मीही वापरणार नाही, पण माझे कारण वेगळे आहे. घुसणे या क्रियापदात अंगाचा जोर आहे, रेटा आहे, आणि त्याला लागलेला ‘खोर’ हा फारसी प्रत्यय सवय सांगतो: लाचखोर, भांडखोर, नफेखोर. एकदाच चुकून आत शिरलेला माणूस घुसखोर होत नाही. अतिक्रमण म्हणावे तर त्याला जमीन लागते, मोजणी लागते, आणि दुसऱ्या दिवशी नगरपालिकेची गाडी लागते. ढवळाढवळ ही कोणाच्या तरी कारभारात करायची असते. लुडबूड फारच घरगुती. स्वयंपाकघरात पायात येणाऱ्या नातवंडाला आपण ‘लुडबूड करू नकोस’ म्हणतो आणि त्याच हाताने त्याला शेंगदाणे देतो. अनाहूत हा शब्द अर्थाने अगदी जवळचा, पण तो सल्ल्याला चिकटून बसला आहे. या सगळ्या शब्दांत दोष करणाऱ्याच्या कृतीत आहे. आगंतुक या एकाच शब्दात कृती निर्दोष असू शकते. तो नुसता आलेला असतो. रेटारेटी केलेली नसते, काही उचललेले नसते, कदाचित हसतमुखाने कौतुकही करत असतो. उणे असते ते फक्त बोलावणे, आणि बोलावणे होते की नव्हते हे आलेला माणूस ठरवू शकत नाही, ते घरातल्या माणसाने ठरवायचे असते. आतेभाऊ म्हणाला की, चहाबरोबर एवढे व्याकरण नको. मग आम्ही विषय बदलला, पण बिल त्याने दिले.

‘भटाला दिली ओसरी, भट हातपाय पसरी’ ही म्हण मला त्या दिवशी पुरती कळली असे म्हणायला हरकत नाही. एरवी आपण भटावर हसतो आणि सोडून देतो. पण म्हणीतला मुद्दा ओसरीचा आहे. आमच्या डिचोलीकडच्या घरी, आणि गोव्यातल्या बहुतेक हिंदू घरांत, आत येण्याला पायऱ्या होत्या. परक्याने आंगणात तुळशीपाशी थांबून हाक द्यायची. ओळखीच्याने वसरीवर टेकायचे. माजघरात फक्त आप्ताने यायचे. मागील दाराने शेजारीण येई, तिला हाक द्यावी लागत नसे. जुन्या ख्रिस्ती घरांतही ‘कों लिसेंसा’, म्हणजे ‘आपल्या परवानगीने’, असे म्हटल्यावाचून कोणी आत पाऊल टाकत नसे. वसरी काय किंवा बल्कांव काय, ही जागा मुद्दाम उघडी ठेवलेली असते, कारण येणाऱ्याने तेथे थांबावे आणि घरातल्याने त्याला पाहून आत घ्यायचे की नाही ते ठरवावे. त्या उघडेपणाला आमंत्रण समजणे, ही आम्हा चौदा जणांची चूक. चौघे पायऱ्या चढले आणि दहा जण खाली उभे राहून पाहत होते, एवढाच आमच्यातला फरक.

आयुर्वेदात रोगांचे निज आणि आगंतु असे दोन भेद केले आहेत. निज म्हणजे शरीरात आतून उद्भवणारा: तेथे आधी वातपित्तकफांचे मान बिघडते आणि मग वेदना होते. आगंतु म्हणजे घाव, दंश, भाजणे असा बाहेरून येणारा: तेथे वेदना आधी, बिघाड नंतर. चरकसंहितेतला हा भेद मला फोंतेन्यांसच्या गल्ल्यांतून चालताना आठवत राहिला. वेदनेच्या खुणा भिंतींवर टांगलेल्या होत्या. ‘ही राहती वस्ती आहे’, ‘पायऱ्यांवर बसू नये’, ‘छायाचित्रे काढू नयेत’ अशा अर्थाचे इंग्रजी फलक आम्ही दोन तासांत बरेच पाहिले. काही छापील होते, काही हाताने लिहिलेले. लग्नापूर्वीच्या छायाचित्रांसाठी आलेली दोन जोडपीही पाहिली. त्यांतल्या एका जोडप्याने कोणाच्या तरी सायकलीवर बसून घेतले होते. बिघाडाची अवस्था कोठवर आली आहे ते तेथे राहणाऱ्यांनीच सांगावे, पण रंग नवा असलेल्या काही घरांना कुलपे होती.

सरकारच्या नजरेस हे आलेले नाही असे नाही. जानेवारी २०२३ मध्ये गोव्याच्या पर्यटन खात्याने पर्यटकांना जी सूचना दिली, तीत अनोळखी लोकांची छायाचित्रे त्यांच्या संमतीवाचून काढू नयेत आणि त्यांच्या खासगीपणाचा मान राखावा असे म्हटले होते. त्यात रोख मुख्यतः समुद्रावर ऊन घेणाऱ्यांच्या आणि पोहणाऱ्यांच्या छायाचित्रांकडे होता. खिडकीतून दिसणाऱ्या देव्हाऱ्याचे किंवा पलंगाचे काय, हे ज्याचे त्याने समजायचे. सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०१७ मध्ये खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला खरा, पण तो निवाडा हाती घेऊन कोणी बल्कांवात बसत नाही.

आता या सेवेतली उणीव नेमकी काय ती सांगतो. घडीपत्रकाच्या मागे सहभागी होणाऱ्यांसाठी दहा सूचना होत्या: पाण्याची बाटली, टोपी, आरामदायी पादत्राणे, वेळेचे पालन, पैसे परत न मिळणे इत्यादी. त्यांतली पहिली होती ‘आगाऊ नोंदणी आवश्यक’. खिडकी उघडणारे ते गृहस्थ सर्वांत आधी नोंदणी केलेले होते असे नंतर कळले, तेव्हा आगाऊ या शब्दाचे दोन्ही अर्थ एका माणसात भेटल्याचा आनंद मला झाला. पण कोणाच्या पायरीवर चढू नये, दारेखिडक्यांना हात लावू नये, घरातल्या माणसांची छायाचित्रे विचारल्याशिवाय काढू नयेत, यांपैकी एकही सूचना त्या दहांत नव्हती, आणि टपाल कार्यालयापाशी सुरुवातीला तोंडीही सांगण्यात आली नाही. चॅपेलच्या उंबरठ्यावर जी थांबवू शकली, ती घराच्या पायरीवरही थांबवू शकली असती. चौदा ही संख्याही त्या गल्ल्यांना जास्त आहे. आम्ही थांबलो की मागून दुचाकीवरून येणारा रहिवासी खोळंबत होता आणि एकाने तर उतरून गाडी ढकलत नेली.

दोन दिवसांनी मी आयोजकांना दूरध्वनी केला. बोलणारा तरुण सभ्य होता. सूचनांचे त्याने लगेच मान्य केले, गट आठ जणांचा करण्याबद्दल ‘हिशेब बसत नाही, काका’ म्हणाला, आणि खर्चाचा तपशील दिला तेव्हा तो मलाही बसवता आला नाही. आगंतुक या शब्दाविषयी मात्र तो थोडा अडला. हिंदी पत्रकावरून मराठी केले होते, हे त्याने प्रांजळपणे सांगितले. मी ‘पाहुणे’ सुचवले. त्यावर तो म्हणाला, ‘पाहुणे म्हटले तर त्यांच्याकडून सहाशे रुपये कसे घ्यायचे?’ मग ‘अभ्यागत’ वर आम्ही तडजोड केली, आणि पुढील छपाईत तो शब्द येईल असे त्याने सांगितले. जुनी पत्रके आणखी दोनेकशे शिल्लक आहेत.

एवढे सगळे लिहूनही ही फेरी करावी असेच मी सांगेन, कारण मराठीतून, पाठांतराचा वास न येता, शंका विचारल्यावर न चिडता माहिती सांगणारी माणसे थोडी आहेत आणि ही तरुणी त्यांपैकी एक आहे. शक्यतो आठवड्यातल्या मधल्या दिवसाची वेळ घ्यावी. रविवारी चॅपेलमध्ये आणि गल्लीत दोन्हीकडे गर्दी असते. वाटेत स्वच्छतागृहाची सोय नाही, ती टपाल कार्यालयाजवळच उरकून घ्यावी लागते. चहाचे पैसे शुल्कात धरलेले नाहीत. वाहन पाटोच्या बाजूला ठेवून चालत यावे, वस्तीत आणू नये. पिवळ्या घराच्या पुढे बल्कांवाची माहिती सांगू लागतील तेव्हा रस्त्याच्या पलीकडच्या कडेला उभे राहावे. तेथून सोपो, पायऱ्या आणि छपरावरचा मातीचा कोंबडा हे तिन्ही नीट दिसतात.